डावा पट्टा

तोंडावर मी नवऱ्याला ‘अहो’ म्हणते, मनात मात्र एकेरीच. तेव्हा इथेही एकेरीच सांगणार. चंद्रहास माझा नवरा. लखनौच्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ, वय बावन्न, आणि तीन वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यात सायकल शिरली. शिरली ती शिरलीच, पुढे आमच्या गाडीच्या टपावरही चढून बसली.

सायकल म्हणजे घंटी आणि कॅरियरवाली नव्हे हं. कार्बनची, काळी, एका हाताने उचलता येणारी. तिची सीट त्याच्या पायाच्या मापाने मिलिमीटरपर्यंत बसवलेली, आणि ती हलली तर कळावं म्हणून सीटच्या दांड्यावर पांढऱ्या टेपची खूण. एकदा कामवाल्या बाईने पुसताना ती टेप सोलली, तर या माणसाने तिला दाराबाहेर उभं करून पंधरा मिनिटं झापलं होतं. बाई रडत गेली, ती परत आली नाही. महिनाभर भांडी मी घासली. त्याने त्या महिन्यात नवीन टेप लावली.

शहरातल्या रहदारीत अशी सायकल चालवायची नसते म्हणे. ती गाडीवर लादून मोकळ्या रस्त्यावर न्यायची, तिथे उतरवायची, चालवायची, पुन्हा लादून आणायची. त्यासाठी टपावर कॅरियर. दोन आडव्या दांड्या आणि त्यांच्यावर दोन लांब पन्हळी. पन्हळीत सायकलची चाकं बसवायची, बाजूचा लोखंडी हात उचलून सायकलच्या दांडीला धरायचा, घुंडी आवळायची, मग चाकांना पट्टे. उजव्या पन्हळीत त्याची सायकल, डाव्या पन्हळीत आमच्या मुलीची, सृष्टीची. त्याचा हात पलीकडे पोचत नाही, म्हणून डावा पट्टा माझ्याकडे. मी स्वयंपाकघरातलं स्टूल आणून त्यावर चढायचं आणि पलीकडून हा ओरडणार, “डावा पट्टा?”

“आवळला.”

“हलवून बघितलास?”

“बघितला.”

“परत बघ. तुझ्या बँकेतला फॉर्म नाहीये तो, नंतर दुरुस्त करायला.”

हे दर रविवारी पहाटे, कॉलनीच्या चौकीदाराच्या देखत. चौकीदार बिचारा दुसरीकडे बघायचा.

सृष्टीचं वेगळं होतं. बापाने हौस म्हणून तिला सायकल घेऊन दिली आणि पोरगी खरंच पळायला लागली. वर्षभरात बाप मागे पडला. सतरा वर्षांची मुलगी, पायाच्या पोटऱ्या अशा की मला बघून धाकधूक वाटायची. जन्म लखनौचा, त्यामुळे मराठी सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीत. “आई, बस एक बार स्टेट कैंप में आ जाऊँ,” हे ती जेवताना म्हणायची, झोपताना म्हणायची. जानेवारीच्या पहिल्या रविवारी निवड चाचणी होती. वीस किलोमीटर, एकेकटीने सुटायचं, घड्याळाशी शर्यत. चार मुली घेणार. ज्युनियर गटातलं तिचं ते शेवटचं वर्ष. यंदा नाही तर नाही. आमच्या घरात त्या दिवसांत दुसरा विषयच नव्हता.

आता चिंधीचं सांगते.

टपावर सायकली असल्या की गाडी दीडपट उंच होते, आणि आत बसलेल्याला ते कळत नाही. आतून सगळं नेहमीसारखंच दिसतं. पहिल्याच महिन्यात हा सायकलींसकट एका मॉलच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये शिरायला निघाला होता. मी किंचाळले म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी मी लखनौच्या चौक बाजारातून घेतलेल्या एका विटलेल्या चिकनकारीच्या कुर्त्याची लाल चिंधी फाडली आणि ठरवलं, सायकली वर चढल्या की ही आरशाला बांधायची, उतरल्या की सोडायची. समोर लाल लोंबतंय म्हणजे डोक्यावर काहीतरी आहे. दोन वर्षं एकदाही काही घासलं नाही.

नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र मंडळाचा फराळ होता, रविवारी सकाळी. आम्ही सायकलिंग करून तसेच तिकडे गेलो. वाटेत एका लग्नाची भलीमोठी कमान रस्त्यावर उभी होती आणि मी ओरडले, “अहो, वर!” त्याने करकचून ब्रेक मारला. मागचा स्कूटरवाला येऊन आदळला. कमान आमच्या सायकलींच्याही चांगली दोन हात वर होती, आम्ही आरामात गेलो असतो. स्कूटरवाल्याने खाली उतरून चंद्रहासला काय काय ऐकवलं ते मी लिहीत नाही.

मंडळाच्या दारात मधुकरकाका भेटले. बँकेतूनच रिटायर झालेले, माझे जुने साहेब. त्यांनी खिडकीतून डोकावून सहज विचारलं, “देवयानी, हे लाल काय गं, नवस?”

मी तोंड उघडायच्या आत चंद्रहास म्हणाला, “काका, ही आमच्या सौभाग्यवतींची टेक्नॉलॉजी. मी आयुष्यभर मायक्रोस्कोपमधून बघतो, पण माझ्या डोक्यावर काय आहे ते मला हिच्या जुन्या कपड्यावरून कळतं. बरं, हिला स्वतःला विचाराल तर दोन हात वर असलेली कमानसुद्धा डोक्यात घुसते. बँकेचं नशीब, हिला तिजोरीवर नाही बसवलं.”

दहा-बारा माणसं होती. सगळी हसली. मंडळाची सेक्रेटरी उल्का तर चकलीचं ताट सावरत हसली. मग त्याने ती चिंधी आरशावरून ओढून काढली, सगळ्यांसमोर बॉनेट उघडलं, चिंधीनेच इंजिनच्या तेलाची पट्टी पुसली आणि ती तेलकट चिंधी माझ्या हातात दिली. माझ्या हाताला, रेशमी साडीला तेल लागलं. “आणि आजपासून गाडीत बसलीस की रस्त्याबद्दल चकार शब्द नाही,” तो म्हणाला. “डोळे आहेत मला.”

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती त्या दिवशी मी अनुभवली. पण मी साताऱ्याची, मी रडत नाही. मी हात धुतले, साडीचा पदर डागावर घेतला आणि दोन करंज्या खाल्ल्या. मनात म्हटलं, ठीक आहे. चकार शब्द नाही म्हणतोस ना? नाहीच काढणार. घेशील घासून एक दिवस, मग बघू तुझे डोळे.

त्यानंतर सात रविवार मी गप्प बसले. पट्टा आवळायचा, ‘आवळला’ म्हणायचं, आत बसायचं, तोंडाला कुलूप. त्याला वाटलं बायको सुधारली.

चाचणीच्या दिवशी धुकं होतं, पण रस्ता दिसण्याइतपत. शर्यत शहराबाहेरच्या रिंग रोडवर, चिनहटच्या पुढे. उजव्या पन्हळीत त्याची सायकल चढली. “सृष्टीला वॉर्म-अपला जोडीदार लागेल,” म्हणे. कसला जोडीदार, त्याला तिथल्या कोचसमोर ती काळी मिरवायची होती. मी स्टुलावर चढून डावा पट्टा आवळला. सृष्टीची निळी सायकल. तिने आदल्या दिवशी दातांच्या ब्रशने साखळी साफ केली होती, हँडलवर नवीन पांढरी पट्टी गुंडाळली होती. मी पट्टा हलवून बघितला. परत बघितला. त्या पोरीसाठी मी दहादा बघितला असता.

गाडीत बसताना सृष्टी मागून म्हणाली, “आई, वो लाल कपड़ा नहीं बाँधा?”

“बाबांना आवडत नाही,” मी म्हटलं.

“अरे यार, आज तो बाँध देतीं.”

“सृष्टी, बस आता,” चंद्रहास म्हणाला आणि गाडी काढली.

फैजाबाद रोडला लागलो तर पुढे ट्रक उलटलेला. सगळं तुंबलेलं. सृष्टी घड्याळ बघायला लागली. तिची सुटायची वेळ आठ वाजून चौदा मिनिटं, आणि सात तर वाजून गेले होते. चंद्रहासने फोनवर नकाशा लावला आणि म्हणाला, “हा आतून एक रस्ता दाखवतोय, कारखान्यांच्या भागातून. तुझी ब्रँच इकडेच ना? जातो का रिंग रोडला?”

“जातो,” मी म्हटलं.

खोटं नव्हतं. रस्ता जातोच. मी चार वर्षं रोज त्या रस्त्याने बँकेत जाते. आणि रोज त्या लोखंडी कमानीखालून जाते. ट्रक आत शिरू नयेत म्हणून कारखानेवाल्यांनी रस्त्यावर आडवा गर्डर टाकलाय, पिवळा-काळा रंगवलेला. ट्रकवाल्यांनी धडका देऊन देऊन तो वाकलाय. माझी स्कूटी त्याखालून आरामात जाते, साधी गाडी जाते. टपावर सायकल असलेली गाडी जाणार नाही, हे सांगायला मायक्रोस्कोप लागत नाही.

वळणापासून कमानीपर्यंत दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं मी काय करत होते, हे मला कुणी अजून विचारलेलं नाही. मी मजेत होते. खरं सांगते. पोटात एक गोड कळ येत होती. मला ती काळी सायकल दिसत होती, तिचा कार्बन तडकताना दिसत होता, आणि नंतर रस्त्यावर उभा राहिलेला चंद्रहास, तोंड वासून. मी वाक्यसुद्धा तयार केलं होतं. ‘अहो, रस्त्याबद्दल चकार शब्द नाही म्हणाला होतात ना?’ मंडळात हे कसं सांगायचं, कुणाला आधी, तेही ठरवून झालं होतं.

डावीकडे सृष्टीची सायकल आहे, हे मला माहीत नव्हतं का? माझ्याच हाताने पट्टा आवळला होता. ती माझ्या डोक्यावरच होती. पण त्या दोन मिनिटांत मला वर एकच सायकल दिसत होती, त्याची. दुसरं कारण मला आजही सापडत नाही.

धुक्यातून पिवळा-काळा गर्डर समोर आला. चंद्रहास फोनच्या नकाशात बघत होता.

आवाज असा झाला, टप फाटावा तसा. गाडी मागून कुणी धरून ठेवल्यासारखी जागच्या जागी थबकली, काच तडकली, आणि वरून काहीतरी खरडत, ओरखडत डिकीवर आणि मग रस्त्यावर पडलं. नंतर एक चाक एकटंच माझ्या खिडकीशेजारून पुढे घरंगळत गेलं आणि नाल्याच्या कडेला आडवं झालं. वाकून त्याचा आठाचा आकडा झाला होता. चाकावर निळी पट्टी होती.

गर्डर डावीकडे झुकलेला होता. रोज बघून मला हेही माहीत होतं. उजव्या बाजूला तो चांगला हातभर उंच राहिला होता, त्यामुळे काळ्या सायकलच्या सीटचं कव्हर थोडं खरवडलं, बस्स. डावी पन्हळ मुळासकट उखडली होती. निळ्या सायकलची पुढचं चाक धरणारी फोर्क तुटली होती, दांडी मधोमध चेपली होती, आणि माझा पट्टा मागच्या चाकाला अजून घट्ट होता.

सृष्टी रडली नाही. रस्त्यावर उकिडवी बसून तिने त्या चेपलेल्या दांडीवरून हात फिरवला, जसं काही हाताने ते सरळ होईल. म्हणाली, “बाबा, आठ चौदा पे छूटना है.” एवढंच.

आता हा माझ्यावर घसरणार, मी वाट बघत होते. माझं वाक्य तयार होतं. पण त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. तो टपावर चढला, आपली काळी सायकल काढली, खाली उतरवली, खिशातून किल्ली काढून सीटचा स्क्रू सैल केला आणि सीट खाली दाबली. ती पांढरी टेप दांड्याबरोबर आत गेली, चुरगळली. “ये, बस. पाय पोचतो का बघ,” तो सृष्टीला म्हणाला.

सीट पार तळाला नेली तरी पाय नीट पोचत नव्हता. सहा फुटी माणसाची सायकल ती. सृष्टी पाच-दोन. हँडल धरायला तिला पोटावर झोपल्यासारखं वाकावं लागत होतं.

“चलेगा,” ती म्हणाली.

“फ्रेम तुटली तरी चालेल,” तो म्हणाला. “तू फक्त मार.”

मी या माणसाशी तेवीस वर्षं संसार केलाय. हे वाक्य त्याच्या तोंडून येईल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मला त्याचा असा राग आला त्या क्षणी, की तोंडात कडू झालं. आजच्या दिवशीच तुला माणूस व्हायचं होतं?

मागच्या सीटा पाडून काळी सायकल गाडीत आडवी घातली. सृष्टी पुढे बसली. मला जागा उरली नाही. “तू थांब इथे हिच्याजवळ,” चंद्रहास मोडक्या सायकलकडे बोट दाखवून म्हणाला, आणि ते कमानीखालून निघून गेले. रिकाम्या टपाची गाडी सहज गेली.

मी त्या लोखंडाशेजारी उभी राहिले. पलीकडे चहाची टपरी आहे, बँकेत चहा तिथूनच येतो. टपरीवाला धावत आला, लांबचं चाक उचलून आणलं, मला स्टूल दिलं, मातीच्या कुल्हडात चहा दिला. मग गर्डरकडे बघत म्हणाला, “मैडम, आप तो रोज निकलती हैं यहाँ से. भाईसाहब को बताया नहीं?”

“कोहरा था, भैया,” मी म्हटलं.

त्याने धुक्यातून गर्डरकडे पुन्हा बघितलं. पिवळा-काळा रंग तिथून स्पष्ट दिसत होता. मग टपरीवर जाऊन दुधाखालचा गॅस मोठा करत बसला. मी चहा प्यायले नाही.

साडेनऊला गाडी परत आली. चंद्रहास खाली उतरला आणि नुसती मान हलवली. “पाचवी,” म्हणाला. “अकरा सेकंदांनी. त्या धुडावर बसून पाचवी आली गं पोरगी. स्वतःची सायकल असती तर...” तो दोरी आणायला टपरीवाल्याकडे गेला.

सृष्टी माझ्यासमोर उभी राहिली. गुडघा फुटला होता, घाम वाळून चेहऱ्यावर मिठाची रेघ उमटली होती. मी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. ती तेवढीच मागे सरकली.

“आई,” ती हळूच म्हणाली, बापाला ऐकू जाऊ नये इतकं हळू, “आपने सिर झुका लिया था.”

“काय?”

“लगने से पहले. मैं पीछे बैठी थी. बाबा फोन देख रहे थे. आपने सामने देखा, और सिर झुका लिया.”

“धुकं होतं, बाळा. मला काही दिसलं नाही.”

मग वाकून तिने मागच्या चाकावरचा माझा पट्टा सोडवायला घेतला. तो सुटेना. मी पुढे होऊन सोडवायला गेले तर तिने माझा हात बाजूला केला आणि दातांनी बक्कल उचकटलं.

घरी येईपर्यंत आणि नंतरही ती बापाला एक शब्द बोलली नाही. मी रोज वाट बघायचे, आज सांगेल, आज सांगेल. नाही सांगितलं. मोडकी सायकल बाल्कनीत उभी आहे. ती तिथे जाऊन अभ्यास करते.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मंडळाचा तिळगूळ होता. मी नको म्हणत होते, पण उल्काचे तीन फोन आले. मधुकरकाकांनी सृष्टीच्या चाचणीबद्दल विचारलं, आणि मग सगळेच जमले. चंद्रहासने घसा खाकरला. तो आधी जिथे उभा राहून मला हसला होता, तिथून दहाच पावलांवर उभा होता.

“चूक माझी,” तो म्हणाला. “सगळी माझी. मी फोनमध्ये बघत होतो. काका, तुम्हाला ती लाल चिंधी आठवते? त्या दिवशी मी हिची टिंगल केली, हिला गप्प बसवलं. ती चिंधी समोर असती तर माझ्या पोरीची सायकल वाचली असती. दोन वर्षं हिने आम्हाला सांभाळलं हो. आणि मी सगळ्यांसमोर...” त्याने चष्मा काढला. “देवयानी, मी तुझी माफी मागतो. इथेच मागतो.”

कुणी हसलं नाही. उल्काने डोळे टिपले. मधुकरकाका माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “जाऊ दे गं, आता तू मनात काही ठेवू नकोस.”

हीच माफी मला हवी होती. हेच लोक, हीच जागा. मी नोव्हेंबरपासून हिचीच वाट बघत होते, अगदी अशीच.

सृष्टी तिळगुळाचं ताट घेऊन सगळ्यांना देत होती. देत देत माझ्यापुढे आली. तिने बापाचं सगळं ऐकलं होतं. एक वडी उचलून तिने माझ्या हातावर ठेवली आणि माझ्या डोळ्यांत बघून, मराठीत, स्पष्ट म्हणाली, “तिळगूळ घे, आई.”

पुढचं ती बोलली नाही. ताट धरून उभी राहिली. चंद्रहास माझ्याकडे बघत होता, चष्मा अजून हातात. मधुकरकाका बघत होते, उल्का बघत होती. सगळ्यांना वाटत होतं, मी आता काहीतरी बोलेन.

मी वडी अख्खी तोंडात टाकली आणि चावत राहिले.